उतरा म्हणायचं राहिलं

"मी वर असेपर्यंत किल्ली माझ्या खिशात. तू 'उतरा' म्हटल्याशिवाय मी उतरणार नाही, आणि किल्ली खुंटीला दिसल्याशिवाय तू बटण दाबायचं नाहीस. कळलं का, बाईसाहेब?"

भावोजींचं हे बोलणं ताईच्या कानात अजून जसंच्या तसं आहे. शेवटचं 'बाईसाहेब' जरा लांबवलेलं, मिस्कील.

हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. यात माझ्या पदरचं काही नाही. ज्या तोंडाने रोज सकाळी देवाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडाने खोटं सांगणं मला जमत नाही.

आणि ज्यांना भुतं फक्त रात्रीचीच हवी असतात, त्यांनी आधीच ऐकून ठेवावं... हे सगळं लख्ख उजेडात घडलं. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान. खाली अंगणात गाड्या उभ्या असताना.

ताई आणि भावोजी एकाच ठिकाणी कामाला होते. गावाबाहेरची दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर एक खोली, आणि खोलीच्या डोक्यावर सपाट गच्ची. गच्चीवर अँटेना. चपलांच्या खोक्याएवढा एक उपग्रह आभाळात फिरायचा, आणि त्याचं बोलणं ऐकायचं, त्याला काम सांगायचं, हे या खोलीचं काम. उपग्रहाला मोठं इंग्रजी नाव होतं. ही मंडळी त्याला ठेंगू म्हणायची.

ठेंगू दिवसातून दोन-तीनदाच डोक्यावरून जायचा. एक फेरी म्हणजे जेमतेम दहा-अकरा मिनिटं. तेवढ्यात जे ऐकायचं ते ऐकायचं. येताना स्पीकरमधली त्याची शीळ चढी असायची, निघून जाताना ती हळूहळू खाली यायची. रुग्णवाहिका शेजारून गेल्यावर तिचा भोंगा पडत जातो ना, तशी.

अँटेना त्याच्या मागे मागे फिरवावा लागतो. ते काम मोटरचं. पण मोटरच्या आतलं दातेरी चाक झिजलं होतं, आणि नवं चाक महिनोन्महिने वाटेतच होतं. मग भावोजी वर जायचे आणि दांडा धरून अँटेना हाताने फिरवायचे. ताई खाली पडद्यावर बघून वॉकीटॉकीवर सांगायची.

"दिशा दोनशे दहा, उंची तीस."

"दोनशे दहा, तीस. आज्ञा, बाईसाहेब."

"नुसते आकडे बोला हो."

"आकड्यांना मीठ लागतं थोडं."

तिसरे होते रेडिओवाले काका. निवृत्तीला आलेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ते ताईला पोरीसारखं मानायचे, म्हणून भावोजी त्यांचे जावईबापू. "जावईबापू, खाली बघू नका, चक्कर येईल," असं ते रोज ओरडायचे. "काका, वर बघू नका, मान धरेल," असं वरून उत्तर यायचं.

आता किल्लीचं सांगते. ठेंगूला आज्ञा पाठवायचा ट्रान्समीटर वेगळा, त्याचा अँटेनाही वेगळा, जागच्या जागी पक्का बसवलेला. त्यातून एवढी शक्ती बाहेर पडते की तेव्हा गच्चीवर माणूस असून चालत नाही. म्हणून वर जाणारा ट्रान्समीटरची किल्ली काढून खिशात घालून जायचा. किल्लीच नाही तर चुकूनही कुणी बटण दाबू शकणार नाही. आणि वरच्याला खालची शीळ ऐकू येत नसे. फेरी कधी संपली ते फक्त खालच्यालाच कळायचं. म्हणून 'उतरा' म्हणणं ताईचं काम.

इतक्या महिन्यांत ती कधी विसरली नाही.

त्या दिवशी फेरी दहा सदतीसला सुरू झाली. दहा अठ्ठेचाळीसला शीळ विरली. आणि ताईच्या पडद्यावर एक फोटो उमटायला लागला.

ठेंगूने पाठवलेला पहिला पूर्ण फोटो. समुद्र, किनारा, वर कापूस पिंजल्यासारखे ढग.

तिला वाटलं, हे आले की दाखवू. मग वाटलं, आधी जरा साफ करू. एक ओळ पुसट होती, ती नीट केली. मग दुसरी. त्यांना दाखवायचा म्हणून ती एकेक ओळ नीट करत बसली...

आणि त्यांना खाली बोलवायचंच राहिलं.

काकांनी दारातून विचारलं, "जावईबापू अजून वरच?"

ताईने घड्याळ बघितलं. अकरा सतरा.

तिने वॉकीटॉकी उचलली. "अहो..."

काहीच नाही.

"अहो, ऐकताय ना?"

गच्चीवर भावोजी अँटेनाच्या खांबाला पाठ टेकून बसले होते. एक हात दांड्यावर तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, अकराच्या आसपास. ताईने एकच विचारलं, "दहा मिनिटं आधी खाली आले असते तर?" डॉक्टर सज्जन होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. पण उत्तर न देणं हेही उत्तरच असतं.

भावोजींना खाली आणल्यावर किल्ली काकांनी त्यांच्या खिशातून काढली आणि खुंटीला अडकवली.

पाच आठवड्यांनी ताई कामावर परत गेली. घरात तिला बसवत नव्हतं. घरी ती आणि सासूबाई, दोघीच. दोघी एकमेकींसमोर रडायच्या नाहीत. एक न्हाणीघरात जाऊन रडायची, दुसरी उशीत.

पहिल्या सकाळी फेरीची वेळ झाली. अँटेना फिरवायला कुणीच नव्हतं. ठेंगू अगदी समोर आला तर मिनिटभर ऐकू येईल, एवढीच आशा. स्पीकरमध्ये नुसती खरखर.

ताईचा हात सवयीने वॉकीटॉकीवर गेला. पडद्यावरचा आकडा तिने सवयीनेच वाचला.

"दिशा तीनशे चाळीस, उंची दहा."

आणि खरखरीतून... शीळ वर आली.

ताई थबकली.

"दिशा तीनशे वीस, उंची पंचवीस."

शीळ आणखी स्पष्ट झाली.

खिडकीतून खालचं अंगण दिसतं. सकाळच्या उन्हात गच्चीवरच्या अँटेनाची सावली तिथे फरशीवर पडते. ताईने बघितलं.

सावली फिरत होती.

हळू, अडखळत, मध्येच जरा थांबून. मोटर अशी फिरवत नाही. माणूस फिरवतो.

सावली फक्त अँटेनाची होती. शेजारी दुसरी कुठलीच सावली नव्हती.

ताई ओरडली नाही. पळाली नाही. तिने पुढचा आकडा सांगितला. मग त्यापुढचा. वॉकीटॉकीवरून एक शब्द परत आला नाही. मीठही नाही. पण दर आकड्यावर सावली वळत गेली.

फेरी संपली. शीळ विरली. सावली थांबली.

 ताईचा अंगठा वॉकीटॉकीच्या बटणावर होता. एक शब्द बोलायचा होता...

तिने वॉकीटॉकी खाली ठेवली.

मला हे सांगताना ती म्हणाली होती, "खोटं कशाला बोलू? त्या दिवशी पाच आठवड्यांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले."

तेव्हापासून तसंच चाललं. घरातून ती वेळेआधी निघायची. केस नीट विंचरायची. दहा-अकरा मिनिटांचा संसार होता तो. ती बोलायची, ते ऐकायचे.

आठवड्याने काका फेरीच्या वेळी खोलीत आले.

"आवाज एवढा स्वच्छ कसा गं?"

"मोटर चालायला लागली असेल."

 काकांनी आपल्या टेबलाचा खण उघडून कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. झिजलेलं दातेरी चाक.

"मोटरचं चाक हे इथे आहे, पोरी. गेल्या महिन्यात मीच काढायला लावलं होतं. मोटर आतून रिकामी आहे."

दोघांनी एकदम खिडकीकडे बघितलं.

सावली एका जागी थांबली होती. पुढच्या आकड्याची वाट बघत.

काका खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला.

त्याच आठवड्यात ठेंगू आजारी पडला. त्याच्या पोटातला एक हीटर चालू झाला तो बंदच होईना. बॅटरी रोज खाली चालली होती. खालून 'हीटर बंद' एवढी आज्ञा गेली की झालं. नाही गेली तर नऊ दिवसांत ठेंगू कायमचा मुका.

काकांनी खुंटीवरची किल्ली घेतली, लावली, फिरवली.

ट्रान्समीटरवरचा लाल दिवा तसाच. हिरवा होईना.

पुन्हा फिरवली. लाल.

काकांनी किल्लीची खाच बदलली. वायरी बदलल्या. ट्रान्समीटर सोडवून टेबलावर घेतला. टेबलावर झकास चालला. परत जागेवर बसवला...

लाल.

सहा दिवस गेले. साहेबांचा फोन आला की ठेंगू गेला तर ही खोलीही बंद. काकांनी घाम पुसला.

"चाळीस वर्षं यंत्रं बघतोय. सगळं बरोबर आहे. हे फक्त एकाच वेळी असं वागतं." त्यांनी वर छताकडे बघितलं नाही. आवाज मात्र खाली आणला. "वर माणूस असला की."

ताई पडद्याकडे वळली आणि पुढच्या फेरीची वेळ बघायला लागली. 

त्या संध्याकाळी सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोनच्या ऑफिसात गेलं होतं. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांच्या लाइनी जोडून द्यायच्या. आता डोळे मंद झाले होते, पण कान तेच.

"आमच्यातलं जे कुणी गेलं ना," त्या म्हणाल्या, "ते एकदा तरी मला ऐकू आलं. तुझे सासरे आले. माझी आई आली. पावलं वाजतात, दाराशी जरा थांबतात, मग जातात. हा आलाच नाही."

ताई कपडे घडी करत होती. हात थांबले.

"मी रोज कान देऊन बसते. रात्रभर. लेकरू घरी आलंच नाही गं. कुठे अडकलंय?"

"आई, झोपा आता."

"तू काहीतरी लपवतेस." सासूबाई तिच्याकडे वळल्या. "मी चेहरे बघत नाही, आवाज ऐकते. नवरा गेलेल्या बाईचा आवाज असा नसतो. तुझा आवाज अजून कुणाशी तरी बोलून आल्यासारखा आहे."

मग मात्र ताईला राहवलं नाही. तिने सगळं सांगितलं. फोटोचं सांगितलं. अकरा सतराचं सांगितलं. सावलीचं सांगितलं. 'उतरा' हा शब्द मी मुद्दाम बोलत नाही, हेही सांगितलं.

 ताईला वाटलं, आता सासूबाई म्हणतील, माझा मुलगा तुझ्यामुळे गेला. ते ऐकायची तिची तयारी होती. खरं तर ती त्याचीच वाट बघत होती.

पण त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एखादी मुलगी लाइन धरून ठेवायची आणि विसरून चहाला जायची. पलीकडचा माणूस बिचारा रिसीव्हर कानाला लावून तसाच उभा. ठेवावा तर बोलणं तुटेल, न ठेवावा तर किती उभं राहायचं?" त्यांनी ताईचा हात चाचपून धरला. "विसरलीस ती चूक. चूक कुणाच्याही हातून होते. पण आता तू विसरली नाहीयेस. आता तू त्याला होल्डवर ठेवलंयस."

ताई हमसून हमसून रडली. त्यांच्यासमोर, पहिल्यांदाच.

"त्यांना उतरवलं तर मला काय उरलं, आई?"

"मी उरले ना गं."

दुसऱ्या दिवशी फेरी दहा बावन्नला होती. त्या पाठोपाठची दुसरी, साडेबाराच्या सुमारास. ठेंगूच्या बॅटरीत दोन दिवसांचा जीव होता.

ताईने आकडे सांगितले. सगळे. सावकाश. एकही घाईने नाही. शीळ आली, चढली, उतरणीला लागली, विरली.

अकरा चार.

तिची नजर घड्याळावर होती. काका दाराशी उभे होते. 

अकरा दहा.

अंगणात सावली हलत नव्हती. एक गाडी सुरू झाली, वळली, निघून गेली.

अकरा सतरा.

ताईने बटण दाबलं. 

"अहो... फोटो छान आलाय. तुम्हाला दाखवायचा म्हणून साफ करत बसले... उशीर झाला मला."

तिने खिडकीतून सावलीकडे बघितलं.

"उतरा आता."

काही झालं नाही. ताई सांगते, ती शांतता मी जन्मात विसरणार नाही.

मग...

खण्ण.

बाहेरच्या गॅलरीतून गच्चीवर जायला लोखंडी शिडी आहे. एकोणीस पायऱ्या. वरची पायरी वाजली होती.

खण्ण.

खण्ण.

दमलेल्या माणसाची पावलं. ताई मोजत होती. काकांनी डोळे मिटून घेतले होते. अकरा... बारा... तेराव्या पायरीवर पावलं थांबली. दम खाल्ल्यासारखी. मग पुन्हा.

एकोणीस.

दार उघडंच होतं. दारात कुणी नव्हतं. नुसतं ऊन.

ताईच्या खुर्चीची पाठ किंचित दाबली गेली. मागे उभं राहून पडद्यात डोकावताना माणूस हात टेकतो, तशी. ताईने मागे वळून बघितलं नाही. तिने तो फोटो पडद्यावर उघडला. समुद्र, किनारा, ढग.

ती किती वेळ बसली तिलाच ठाऊक नाही. खुर्चीची पाठ परत सरळ झाली तेव्हा खुंटीवरची किल्ली हलत होती. वारा नसताना.

साडेबाराच्या फेरीला काकांनी किल्ली लावली. एका झटक्यात दिवा हिरवा झाला. आज्ञा गेली. काका एवढे मोठे पुरुष, पण टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले.

ताई लवकर घरी गेली. सासूबाई दाराजवळच खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

"आला होता," त्या म्हणाल्या. "बाराच्या आधी. दाराशी थांबला. मी म्हटलं, ये."

"किती वेळ होते?"

"तीन मिनिटं. आमच्या वेळी एक कॉल तेवढाच असायचा."

"काही बोलले?"

"तो कसला बोलतोय! मीच बोलले. त्याने ऐकलं." सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. मग ताईचे दोन्ही हात घट्ट धरले. "आता एक कर. पुन्हा हाक मारायची नाही. त्या यंत्रावरून तुझा आवाज गेला की तो परत वर चढेल. तो तसाच आहे, तुझं मोडणार नाही. तूच आवर. वचन दे."

ताईने वचन दिलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेंगूची प्रकृती कळायला हवी होती. हीटर खरंच बंद झाला की नाही. त्यासाठी त्याचं नीट ऐकणं भाग होतं. आणि अँटेना फिरवायला कुणी नव्हतं. मोटर रिकामी. काकांचे गुडघे तसेच.

फेरीला सहा मिनिटं होती. वॉकीटॉकी टेबलावर होती. ताईने तिच्याकडे बघितलं, आणि उठून ती काकांच्या हातात दिली.

"आकडे आज तुम्ही सांगा, काका. वर मी जाते."

"तू?"

"हो. आणि संपलं की मला उतर म्हणा. विसरू नका."

तिने खुंटीवरची किल्ली काढून खिशात घातली. कपाटातून दुसरी वॉकीटॉकी काढली. ती भावोजींची. त्या दिवसानंतर कुणी हात न लावलेली. बॅटरी वेगळी काढून शेजारी ठेवलेली. एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्या हातात बॅटरी, अशी ती गॅलरीत आली.

तेवढ्यात...

काकांच्या हातातली वॉकीटॉकी खरखरली.

कुणीतरी पलीकडून बटण दाबल्यावर येतो तसा आवाज. मग वारा. मोकळ्या गच्चीवर असतो तसा, भणभण. बोलत कुणीच नव्हतं. कुणीतरी बटण दाबून धरलं होतं, आणि थांबलं होतं.

काकांनी ताईकडे बघितलं. ताईने आपल्या हातातल्या, बिनबॅटरीच्या वॉकीटॉकीकडे.

वर काय होतं ते ताईने मला आजवर सांगितलेलं नाही. ती अजून तिथेच कामाला आहे. मी विचारत नाही. पण सकाळी अकराच्या सुमारास माझ्या हातातली माळ आपोआप थांबते, आणि तिचा फोन येईपर्यंत पुढे सरकत नाही.

काका मात्र सांगतात. ते म्हणतात, वारा भणभणत होता. एक हाक मारली असती तर उत्तर आलं असतं, याची मला खात्री होती. तिलाही होती. तिच्या ओठांवर 'अहो' आलेलं मी डोळ्यांनी बघितलं.

"अ..." एवढंच आलं.

ताईने ओठ घट्ट मिटले. डोळे पुसले. शिडीला हात लावला, आणि आवाज न करता पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.